पुलाची दोन टोके : डेरी शहरातील एका पादचारी पुलाचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला पूल हा विषय घ्यावा, तोही केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेला, आणि तोही आयर्लंडच्या उत्तर कोपऱ्यातील एका लहानशा शहरातला, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात भिंतीवर नकाशा टांगल्याखेरीज इतिहासाचा तास सुरू होत नसे, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. आजचा विषय नकाशावाचून समजणारच नाही; म्हणून तो त्यांना आवडला असता, असे मला वाटते.

पूल कोठे बांधावा, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्याचा समजला जातो. नदीचे पात्र कोठे अरुंद आहे, खडक किती खोलीवर लागतो, खर्च किती येईल, एवढे पाहिले की प्रश्न सुटला. मोटारगाड्यांच्या पुलाविषयी हे बव्हंशी खरेही आहे, कारण मोटारीला मैल-दोन मैलांचा वळसा जड जात नाही. पायी चालणाऱ्याचे तसे नाही. तो वळसा घेत नाही. तो पलीकडे जाणेच सोडून देतो. आपल्यापैकी जे लहानपणी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्याकडे पायी जात असत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आणि ज्या शहरात नदीच्या एका तीरावर एका पंथाचे लोक राहतात व दुसऱ्या तीरावर दुसऱ्या, तेथे चालणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. पुलाचे पलीकडचे टोक कोणाच्या वस्तीत उतरते? तेथे मला कोणी अडवील काय? अशा शहरात पुलाचा मार्ग निवडणे म्हणजे इतिहासातूनच वाट काढणे होय.

ते शहर म्हणजे डेरी. किंवा लंडनडेरी. नावापासूनच तंटा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजसत्तेने अल्स्टर प्रांतात इंग्रज व स्कॉटिश प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांना जमिनी दिल्या, त्या वेळी या गावाची उभारणी लंडनच्या व्यापारी मंडळ्यांकडे सोपविण्यात आली आणि १६१३ च्या सनदेने जुन्या डेरी या नावामागे ‘लंडन’ जोडले गेले. आजही कॅथलिक व राष्ट्रवादी माणूस डेरी म्हणतो, ब्रिटनशी निष्ठा सांगणारा लंडनडेरी म्हणतो, आणि दोघांनाही दुखवू न इच्छिणारा दोन्ही नावे मध्ये तिरपी रेघ देऊन लिहितो. जेरी अँडरसन या तेथील नभोवाणी निवेदकाने यावर तोडगा म्हणून शहराला ‘स्ट्रोक सिटी’, म्हणजे तिरप्या रेघेचे शहर, असे विनोदाने म्हटले. मी डेरी म्हणतो ते केवळ उच्चारास सोपे म्हणून. त्यात कोणाची बाजू नाही.

१६१३ ते १६१९ या काळात शहराभोवती दगडी तट बांधला गेला. तो आजही अखंड आहे. तटाच्या आत टेकडीवर नवे वसाहतवाले, आणि तटाखालच्या दलदलीच्या सखल भागात पुढे कॅथलिक वस्ती. त्या भागाचे बॉगसाइड हे नावच दलदलीवरून पडले आहे. १६८८ च्या डिसेंबरात कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचे सैन्य आले, तेव्हा तेरा उमेदवार कारागिरांनी शहराचे दरवाजे लावून घेतले. पुढील वर्षी १०५ दिवस वेढा पडला. शहराच्या पूर्वेकडून फॉइल नदी वाहते. वेढा घालणाऱ्यांनी नदीच्या खालच्या अंगाला लाकडी ओंडक्यांचा अडसर आडवा टाकला होता, आणि नदीपलीकडच्या उंचवट्यावरून तोफा डागल्या जात होत्या. अखेरीस जुलै १६८९ मध्ये गलबतांनी तो अडसर फोडला आणि अन्न शहरात पोहोचले. प्रॉटेस्टंटांच्या स्मरणात हा विजयोत्सव आहे. दरवर्षी त्याच्या मिरवणुका निघतात. कॅथलिकांच्या स्मरणात त्याच मिरवणुका म्हणजे वर्षातून दोनदा होणारा अपमान. पूर्वेकडचा तो उंचवटा आपण ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याला तेथेच जावयाचे आहे.

मध्ये एक विषयांतर करतो, शाळेचे व्यासपीठ आहे म्हणून. याच डेरीच्या फॉइल कॉलेज या शाळेत, मामा मुख्याध्यापक होते म्हणून, लॉरेन्स बंधू शिकावयास राहिले होते. त्यांतील हेन्री १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात मरण पावला, आणि जॉन १८६४ ते १८६९ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. पंजाबात त्यांच्याबरोबर काम केलेला रॉबर्ट माँटगोमेरी हाही त्याच शाळेचा विद्यार्थी. वेढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला हेन्री पुढे दुसऱ्याच देशातील एका वेढ्यात सापडला, हा योग विलक्षण खरा. असो.

फॉइलवरचा पहिला पूल लाकडाचा. अमेरिकेतील बोस्टनचा लेम्युएल कॉक्स याने तो १७९० च्या सुमारास उभारला. तोवर होडीखेरीज साधन नव्हते. १८६३ मध्ये त्याच्या जागी लोखंडी कार्लाइल पूल आला. कार्लाइल हे आयर्लंडच्या तत्कालीन लॉर्ड लेफ्टनंटचे नाव. १९३३ मध्ये त्याचीही जागा दुमजली क्रेगॅव्हन पुलाने घेतली. हे नाव उत्तर आयर्लंडच्या पहिल्या पंतप्रधानांचे. पुलांना राज्यकर्त्यांची नावे देण्याचा प्रघात आपल्याकडेही आहेच, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही. पुढे १९८४ मध्ये शहराच्या उत्तरेस, १६८९ च्या त्या लाकडी अडसराच्या जागेजवळच, मोठा फॉइल पूल झाला. तो महामार्गाचा पूल. त्यावरून बाजारहाटासाठी पायी कोण जाणार? तात्पर्य, शहराच्या मध्यभागातून पलीकडे चालत जावयाचे तर वाट एकच, क्रेगॅव्हन पुलाची.

आणि या वाटेवरच १९६८ मध्ये उत्तर आयर्लंडचा इतिहास पालटला.

डेरीत कॅथलिकांची संख्या अधिक होती. परंतु प्रभागांची आखणी अशी केलेली की नगरपालिकेत बहुमत मात्र युनियनिस्टांचे. घरे कोणाला द्यावयाची हे पालिका ठरवी, आणि पालिकेच्या निवडणुकीतील मत घराशी निगडित होते. म्हणजे घर नाकारले की मतही नाकारले जाई. याविरुद्ध ५ ऑक्टोबर १९६८ रोजी नागरी हक्कांचा मोर्चा ठरला. त्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. पूर्व तीरावरच्या वॉटरसाइड रेल्वे स्थानकापासून निघावयाचे, ड्यूक स्ट्रीटने क्रेगॅव्हन पुलावर यावयाचे, नदी ओलांडून तटाच्या आत शिरावयाचे आणि शहराच्या मध्यवर्ती चौकात, ज्याला डायमंड म्हणतात तेथे, सभा घ्यावयाची. प्रॉटेस्टंट वस्तीतून निघून प्रॉटेस्टंट अभिमानाच्या गाभ्यापर्यंत जाणारा हा मार्ग होता. हक्क सर्वांचे आहेत, तर रस्तेही सर्वांचे, हे पायांनी सांगण्याचा तो प्रयत्न होता. त्याच दिवशी त्याच मार्गाने आपली मिरवणूक असल्याचे प्रॉटेस्टंटांच्या एका संघटनेने जाहीर केले आणि गृहमंत्री विल्यम क्रेग यांनी मोर्चावर बंदी घातली. मोर्चा तरीही निघाला. ड्यूक स्ट्रीटवर, पूल दृष्टीच्या टप्प्यात असताना, पोलिसांनी तो पुढून व मागून कोंडला आणि लाठ्या चालविल्या. आयरिश दूरचित्रवाणीच्या एका छायाचित्रकाराने ते चित्रित केले आणि त्या रात्रीपासून डेरीचे नाव जगाला ठाऊक झाले. मोर्चेकरी पुलापर्यंत पोहोचलेच नाहीत.

पुढची तीस वर्षे रक्ताची. त्यांतला एकच दिवस येथे सांगतो, कारण तोही एका मार्गाचा प्रश्न आहे. ३० जानेवारी १९७२ च्या मोर्चाला गिल्डहॉलच्या चौकात जावयाचे होते. गिल्डहॉल म्हणजे नगरगृह. तटाच्या बाहेर, नदीजवळ उभी असलेली घड्याळाच्या मनोऱ्याची ही इमारत छायाचित्रात पाहिली की आपल्या गांधी हॉलची आठवण व्हावी. ज्या पालिकेविरुद्ध गाऱ्हाणे होते, तिची कचेरी तीच. लष्कराने वाटेत अडथळे उभे करून मोर्चा बॉगसाइडकडे वळविण्यास भाग पाडले, आणि तेथे सैनिकांच्या गोळीबारात तेरा नागरिक ठार झाले; चौदावा काही महिन्यांनी मरण पावला. एक मोर्चा पुलाच्या अलीकडे थांबविला गेला, दुसरा नगरगृहाच्या अलीकडे.

या काळात शहराची वस्तीही हलली. पश्चिम तीरावरील बहुसंख्य प्रॉटेस्टंट कुटुंबे नदी ओलांडून वॉटरसाइडला गेली. पश्चिमेस तटाला लागून फाउंटन नावाची त्यांची एक छोटी वस्ती उरली, तिच्याभोवती उंच कुंपण आले. नदी पूर्वी केवळ नदी होती. आता ती सीमा झाली. १९९२ मध्ये क्रेगॅव्हन पुलाच्या पश्चिम टोकाशी मॉरिस हॅरन या शिल्पकाराचे एक शिल्प बसविण्यात आले. दोन पुरुष एकमेकांकडे हात पसरून उभे आहेत, आणि त्यांचे हात एकमेकांना लागत नाहीत. बोटांमध्ये थोडेसेच अंतर आहे. शिल्पकाराने ते मिटविले नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

१९९८ च्या करारानंतर शांतता आली. युरोपीय संघाने सीमाभागातील समेटासाठी जो निधी ठेवला होता, त्यातून दोन्ही समाजांना वापरता येतील अशा सामायिक जागा निर्माण करण्याच्या योजनेत डेरीच्या नव्या पुलाला सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांचा प्रकल्प म्हणून स्थान मिळाले. पूल वाहनांसाठी नसावा, चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी असावा, हे त्यामागचे सूत्र होते. मोटारीत बसून पलीकडे गेलेला माणूस पलीकडच्या कोणाला भेटत नाही. ४ मीटर रुंदीच्या वाटेवर समोरून येणाऱ्याला मात्र निदान बाजू द्यावी लागते.

आता नकाशा समोर घ्यावा आणि आपणच मार्ग निवडून पाहावा. पहिली कल्पना सुचते ती जुन्या पुलाच्या शेजारी नवा बांधण्याची. रुळलेली वाट आहे, दोन्ही टोकांना दुकाने आहेत. परंतु त्या वाटेच्या एका टोकाला ड्यूक स्ट्रीट आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ फाउंटनचे कुंपण. दुसरी कल्पना, वस्तीला वस्ती जोडावी. ती कागदावर उदात्त दिसते. पण ज्या माणसाला रात्री परतायचे आहे, त्याला परक्या वस्तीच्या गल्लीत उतरणारा पूल कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही. माझ्या मते डेरीच्या पुलाचे यश या दुसऱ्या मोहात न पडण्यात आहे. त्याची टोके कोणाच्या अंगणात उतरविलेली नाहीत.

पश्चिमेचे टोक गिल्डहॉलच्या मागील बाजूस, नदीकाठच्या धक्क्यापाशी उतरते. १९७२ चा मोर्चा जेथे पोहोचू शकला नाही, तीच ही जागा. एके काळी युनियनिस्ट सत्तेचे प्रतीक असलेल्या या इमारतीचा अर्थ दरम्यान बदलत गेला होता. जुनी पालिका १९६९ मध्ये बरखास्त झाली होती. रक्तरंजित रविवारची लॉर्ड सॅव्हिल यांची चौकशी याच गिल्डहॉलमध्ये चालली. आणि १५ जून २०१० रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा बॉगसाइडहून निघालेले लोक या चौकात जमले. मेलेले निरपराध होते हे अहवालाने मान्य केले होते आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात माफी मागितली होती. अडतीस वर्षांनी तो मोर्चा आपल्या ठिकाणी पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या दिवशी नदीवर पुलाचे बांधकाम सुरू होते.

पूर्वेचे टोक अधिक विचार करावयास लावणारे आहे. मघाशी ज्या उंचवट्याचा उल्लेख केला, १६८९ च्या तोफांचा, त्याच परिसरात १८४१ मध्ये एब्रिंग्टन बराकी बांधल्या गेल्या. ताऱ्याच्या आकाराचा कोट, मध्ये कवायतीचे प्रशस्त मैदान. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाचे ठाणे होते. अशांततेच्या तीस वर्षांत तेथे ब्रिटिश सैन्याचा मुक्काम होता. शहराच्या ऐन मध्यावर, नगरगृहाच्या समोरासमोर, नदीकाठची ही जागा, आणि दीडशेहून अधिक वर्षे सामान्य नागरिकाला तेथे प्रवेश नाही. नदीपलीकडून कॅथलिक माणूस तिकडे पाही तो लष्कराची छावणी म्हणून. वॉटरसाइडचा प्रॉटेस्टंट मुलगाही कुंपणाबाहेरूनच ती पाही. २००३ मध्ये सैन्याने ही जागा सोडली आणि शहराच्या पुनर्विकासासाठी ती नागरी ताब्यात आली.

पुलाची ही आखणी करणाऱ्यांनी नेमके हे हेरले, की वॉटरसाइडमध्ये असूनही वॉटरसाइडमधील कोणाचीच नसलेली अशी ही एकच मोठी जागा आहे. कोणाच्या पूर्वजांचे घर नाही, कोणाची मिरवणूक तेथून जात नाही. दोन्ही समाजांना ती सारखीच परकी, म्हणून सारखीच नवी. समेटासाठी जागा शोधताना आपण सहसा दोघांना प्रिय असलेली जागा शोधतो; येथे दोघांनाही मज्जाव असलेली जागा कामास आली.

अर्थात जागा ठरली तरी वाट सोपी नव्हती. पश्चिमेचा धक्का पाण्याच्या जवळ, आणि बराकींचे मैदान उंचावर. शिवाय पूर्व तीराला लागून रेल्वेमार्ग जातो. त्यावरून पुलाला जावे लागते. पायऱ्या बांधल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. परंतु मग सायकल, मुलांची ढकलगाडी, अपंगांची चाकाची खुर्ची, सारेच बाद झाले असते. चाकांना सौम्य चढ हवा आणि सौम्य चढाला लांबी हवी. सरळ रेषेपेक्षा नागमोडी रेषा लांब असते, हे शाळेतील भूमिती सांगते. विल्किन्सन आयर या वास्तुविशारद संस्थेने पुलाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे दुहेरी वळण दिले, त्याचे श्रेय मी एकट्या भूमितीला देत नाही. पण ते वळण चढाला मानवते, एवढे खरे. नदीवर मोठी गलबते येत असती तर इतका खालून जाणारा स्थिर पूल शक्य झाला नसता. बंदराचे काम १९९३ मध्येच खाली लिसाहॅली येथे गेले होते, म्हणून तेही साधले.

हा पूल झुलत्या जातीचा, सुमारे २३५ मीटर लांब. त्याला पोलादाचे दोन तिरपे मनोरे आहेत, एक एका तीराकडचा, दुसरा दुसऱ्या तीराकडचा. दोघांचा कल परस्परविरुद्ध. पुलाचा अर्धा भाग एका मनोऱ्याच्या दोरांनी तोलला आहे, अर्धा दुसऱ्याच्या, आणि नदीच्या मध्यभागी या दोन रचना एकमेकींच्या पलीकडे थोड्या सरकून ओलांडतात. रचनाकारांनी याला हस्तांदोलन म्हटले आहे. क्रेगॅव्हन पुलाजवळचे ते दोन पुतळे, ज्यांचे हात पोहोचत नाहीत, हे पाहिलेल्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र चालणाऱ्यास हे सगळे कळतेच असे नाही. त्याला एवढेच जाणवते, की समोरचे टोक सरळ दिसत नाही. वळता वळता एकदा नगरगृहाचा मनोरा समोर येतो, एकदा पलीकडची टेकडी.

२५ जून २०११ रोजी पूल खुला झाला. उद्घाटनास युरोपीय आयुक्त योहानेस हान, आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी, उत्तर आयर्लंडचे प्रथम मंत्री पीटर रॉबिन्सन आणि उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस उपस्थित होते. मॅकगिनेस हे बॉगसाइडचे. १९७२ मध्ये आपण याच शहरात सशस्त्र रिपब्लिकन सेनेचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होतो, असे त्यांनी चौकशीपुढे स्वतः सांगितले होते. रॉबिन्सन हे त्या सेनेचे आयुष्यभराचे कट्टर विरोधक. दोघे एका पुलावर उभे राहिले.

पुलाने सर्व काही साधले, असे मी म्हणणार नाही. फाउंटनचे कुंपण तसेच आहे. शाळा आजही बव्हंशी वेगवेगळ्या, घरे वेगवेगळ्या तीरांवर. बेकारीने गांजलेल्या शहरात एवढा पैसा पुलावर घालावा काय, असा सवाल कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. पुलाचा मार्ग कोणालाही न दुखविणारा निवडला, म्हणूनच तो कोणाच्या दारापर्यंत जात नाही, असाही आक्षेप घेता येईल. आणि मला स्वतःला त्यात तथ्य वाटते. पण दारापर्यंत जाणारा पूल १९६८ मध्येही होता, हे विसरून चालणार नाही. त्यावर पाऊल ठेवण्याआधीच लाठ्या बसल्या. निदान येथे मधले मैदान तरी मिळाले. २०१३ मध्ये डेरी हे ब्रिटनचे पहिले ‘संस्कृतीचे शहर’ झाले, तेव्हा बराकींच्या त्या कवायतीच्या मैदानावर संगीताचे जलसे झाले आणि टर्नर पारितोषिकाचे चित्रप्रदर्शन त्या वर्षी बराकींच्या इमारतीत भरले. पश्चिम तीरावरची माणसे पूल ओलांडून तेथे गेली, जेथे त्यांच्या आईवडिलांनी कधी पाय ठेवला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. १९६८ चा मोर्चा ज्या वॉटरसाइड स्थानकापासून निघाला, ती व्हिक्टोरियाकालीन इमारत १९८० मध्ये रेल्वेने सोडली होती. तिची डागडुजी करून ऑक्टोबर २०१९ मध्ये ती पुन्हा रेल्वे स्थानक म्हणून सुरू झाली, आणि तेथून नदीकाठाने नव्या पुलापर्यंत चालण्याची व सायकलची वाट काढण्यात आली. आज बेलफास्टहून आगगाडीने येणारा प्रवासी त्या स्थानकातून बाहेर पडतो, ड्यूक स्ट्रीटकडे न वळता नदीच्या कडेने उत्तरेस चालू लागतो, डावीकडे वळून पुलावर येतो आणि नदी ओलांडून गिल्डहॉलपाशी उतरतो. वाटेत त्याला कोणी अडवीत नाही.